गिधाडाचे मूत्रपिंड

१८८० साली रत्नागिरी जिल्ह्याविषयी दोन महत्त्वाची लिखाणे छापून झाली. एक, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा. दुसरे, दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी. ही यादी ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात आली. त्याचे संपादक होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांना आपण पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे ओळखू लागलो. गॅझेटियरच्या कामात मोठा वाटा असलेला आणि पक्ष्यांची यादी करणारा माणूस मात्र एकच होता: जॉर्ज विल्यम व्हिडाल, सनदी अधिकारी. दिवसा जमीनमहसुलाचे काम आणि उरलेल्या वेळात पक्षी, साप, घरटी, अंडी यांच्या नोंदी, असा त्याचा शिरस्ता असावा.

व्हिडालच्या यादीत गिधाडे आहेत. नसती तरच नवल. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा काही भागही येत होता. गावोगाव गुरे होती, मेलेले गुरू सड्यावर किंवा गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी टाकले जाई आणि दोन-चार तासांत आभाळातून गिधाडे उतरत. ही गोष्ट इतकी रोजची होती की तिची मुद्दाम नोंद करावी असे कुणाला वाटले नाही. जे नेहमी असते त्याचे दप्तर कुणी ठेवत नाही. पाऊस किती पडला, भात किती पिकले, पटकीने किती माणसे दगावली याचे आकडे सापडतात. गावावर किती गिधाडे होती, याचा आकडा सापडत नाही.

माझा व्यवसाय औषधनिर्माणशास्त्र शिकवण्याचा, आणि जिल्ह्याचा इतिहास हा छंद. निवृत्तीनंतर राजापूर, लांजा, संगमेश्वर या तालुक्यांत जुनी कागदपत्रे पाहत फिरताना मी वयस्क मंडळींना एक प्रश्न आवर्जून विचारत असे: ‘आपल्याकडची गिधाडे कधी गेली?’ उत्तरे देताना सगळे थबकत. कुणी धरण झाले तेव्हा म्हणे, कुणी रेल्वे आली तेव्हा. एका आजोबांनी सांगितले ते मला सर्वांत खरे वाटले, ‘गेली ती कुणी बघितली नाहीत. नाहीत हे बऱ्याच वर्षांनी ध्यानात आलं.’ कारणे मात्र प्रत्येकाकडे तयार होती. उंच झाडे तुटली, गुरे कमी झाली, शेतीत विषारी औषधे आली, मोबाइलचे मनोरे उभे राहिले.

त्या कारणांना हसण्याचे काही कारण नाही. ज्यांनी हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाती घेतला त्यांनाही बरीच वर्षे उत्तर सापडत नव्हते. ते अखेर सापडले ते झाडात, आभाळात किंवा हवेत नव्हे, तर मेलेल्या गिधाडाच्या मूत्रपिंडात. आयुष्यभर वर्गात मूत्रपिंड आणि औषधे यांचे नाते शिकवत आलेल्या माझ्यासारख्याला हा इतिहास सांगावासा वाटतो तो त्यामुळेच.

गिधाडांच्या ऱ्हासाची पहिली पद्धतशीर नोंद राजस्थानातली. भरतपूरच्या केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला होता. नव्वदच्या दशकात ते पुन्हा मोजणीला आले तेव्हा गिधाडे जवळजवळ संपलेली होती. जी उरली होती ती मान खाली टाकून फांदीवर बसत आणि काही दिवसांनी खाली पडत. १९९९ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा लेख आला आणि जगभर धोक्याची घंटा वाजली. पुढच्या मोजण्यांतून चित्र स्पष्ट झाले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांतले एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांच्या दोन जातींत मिळून ही घट जवळपास ९७ टक्के होती.

मेलेल्या पक्ष्यांची चिरफाड केली की एकच दृश्य दिसे. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांच्यावर खडूची भुकटी शिंपडावी तसा पांढरा थर. हे युरिक ॲसिडचे स्फटिक. माणसाच्या पायाच्या अंगठ्यात हेच स्फटिक साचले की आपण त्याला गाउट म्हणतो. पक्ष्यात ते थेट आतल्या अवयवांवर साचतात. भारतातील काही शवांची तपासणी पुण्याच्या पोल्ट्री डायग्नॉस्टिक अँड रिसर्च सेंटरमध्ये झाली. कोंबड्यांच्या साथी ओळखण्यात मुरलेली ही प्रयोगशाळा. तेथील तज्ज्ञ, विभू प्रकाश आणि ब्रिटिश सहकारी यांनी मिळून २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात संशय व्यक्त केला होता तो संसर्गजन्य रोगाचा, बहुधा एखाद्या नव्या विषाणूचा. त्या वेळच्या पुराव्यावर तो तर्क वाजवी होता. एवढ्या मोठ्या प्रदेशात, एवढ्या वेगाने, एकाच कुळातल्या जाती मरतात म्हटल्यावर साथीचाच विचार प्रथम येतो.

त्याच सुमारास सीमेपलीकडे, पाकिस्तानच्या पंजाबात, लिंडसे ओक्स हा अमेरिकन पशुवैद्यक शास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांसह हेच कोडे सोडवत होता. त्याने विषाणू शोधले, जिवाणू शोधले, कीटकनाशके आणि जड धातू तपासले. काही हाती लागले नाही. तेव्हा त्याने प्रश्नच उलटा मांडला. स्फटिक साचले आहेत, म्हणजे मूत्रपिंड बंद पडले आहे. मूत्रपिंड बंद पाडणारे काय असू शकते? गिधाड काय खाते? पाळीव गुरांची मढी. त्या गुरांच्या पोटात किंवा अंगात काय जाते? म्हणजे शोध घ्यायचा तो अशा औषधाचा, जे मूत्रपिंडाला घातक आहे, तोंडावाटे शरीरात शोषले जाते आणि गावोगावी गुरांना दिले जाते. मग ही मंडळी गुरांचे डॉक्टर आणि औषधांची दुकाने यांच्याकडे चौकशी करत फिरली. तिन्ही अटींत बसणारे एकच नाव पुढे आले: डायक्लोफेनॅक.

हे नाव वाचकांना परके नाही. कंबर धरली, दाढ दुखली, गुडघा सुजला की आपल्याकडच्या प्रत्येक घरात या औषधाची गोळी किंवा मलम निघते. स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीचे हे औषध १९७०च्या दशकात बाजारात आले. पुढे ते स्वस्त झाले आणि नव्वदच्या दशकात भारतात गुरांसाठीही वापरले जाऊ लागले. लंगडणारा बैल, ताप आलेली गाय, सड सुजलेली म्हैस यांना एका इंजेक्शनने आराम पडे. शेतकऱ्याने ते नाकारावे असे त्यात काही नव्हते.

ओक्सच्या गटाचा निष्कर्ष जानेवारी २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. गाउटने मेलेल्या २५ गिधाडांची मूत्रपिंडे तपासली. पंचविसांतही डायक्लोफेनॅक सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांची मूत्रपिंडे तपासली. एकातही सापडले नाही. औषध दिलेल्या जनावराचे मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातले तेव्हा तीही त्याच रीतीने मेली. त्याच वर्षी भारत आणि नेपाळमधील मृत गिधाडांतही हाच मेळ सापडला. इतिहासाच्या अभ्यासकाला दप्तर लागते. येथे दप्तर होते ते दोन-तीन इंचांच्या अवयवात.

आता प्रश्न असा की जे औषध माणूस वर्षानुवर्षे खातो आणि गाय पचवते, ते गिधाडाला का मारते? त्यासाठी मूत्रपिंड औषधाचे काय करते हे थोडे समजून घ्यावे लागेल.

आपण मूत्रपिंडाला चाळणी म्हणतो. ते अर्धेच खरे. रक्त गाळणे हे पहिले काम. पण गाळण झाल्यावर पुढे बारीक वळणदार नलिका असतात आणि त्यांच्या पेशींमध्ये जणू दारे असतात. काही पदार्थ या दारांतून रक्तातून मुद्दाम उचलून लघवीत टाकले जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याचा मोठा अनुभव आला. पेनिसिलिन तेव्हा सोन्याहून दुर्मीळ होते आणि रोग्याला दिलेले बहुतेक औषध काही तासांत लघवीवाटे निघून जाई. रोग्यांची लघवी गोळा करून त्यातून ते पुन्हा वेगळे काढण्याची वेळ आली होती. मग कार्ल बायर या अमेरिकन संशोधकाने असे औषध शोधले जे मूत्रपिंडातले पेनिसिलिनचे दार अडवून धरी. ते प्रोबेनेसिड. गंमत अशी की हेच औषध गाउटच्या रोग्यांनाही उपयोगी पडले, कारण युरिक ॲसिडची ये-जा याच दारांच्या आसपास होते. एका दारावर अनेकांची गर्दी असते आणि एकाने दार अडवले की दुसऱ्याचे काय होईल हे त्या देहाच्या घडणीवर ठरते, हा धडा औषधशास्त्राला तेव्हाच मिळाला होता.

माणसाच्या देहात नको असलेला नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपात, पाण्यात विरघळून बाहेर पडतो. पक्षी तो युरिक ॲसिडच्या रूपात टाकतो. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे तेच. यात पाणी फार लागत नाही, उडणाऱ्या जिवाला हे सोयीचे. पण युरिक ॲसिड पाण्यात फारसे विरघळत नाही. ते गाळून बाहेर जाण्यापेक्षा नलिकेच्या दारांतून उचलूनच बाहेर टाकावे लागते. हे काम थांबले तर रक्तातले युरिक ॲसिड झपाट्याने वाढते आणि अवयवांवर साचते.

गिधाडाच्या बाबतीत नेमके काय बिघडते यावर दक्षिण आफ्रिकेच्या प्रिटोरिया विद्यापीठातील विनी नायडू आणि गेरी स्वान यांनी काम केले. आधीची एक कल्पना अशी होती की डायक्लोफेनॅकमुळे पक्ष्याच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाच आकसतो. या दोघांनी ती तपासून पाहिली आणि २००९ मध्ये वेगळे उत्तर मांडले. नलिकेच्या पेशी त्यांनी काचपात्रात वाढवल्या. एका पात्रात डायक्लोफेनॅक टाकले, दुसऱ्यात मेलॉक्सिकॅम हे त्याच जातीचे वेदनाशामक. बारा तास ठेवल्यावर दोन्ही औषधांनी पेशी मारल्या. दोनच तास ठेवल्यावर मात्र मेलॉक्सिकॅमने काही बिघडले नाही, डायक्लोफेनॅकने बिघडले. शिवाय डायक्लोफेनॅक युरिक ॲसिडच्या वाहतुकीचा मार्गच अडवत होते. म्हणजे इजा दुहेरी: पेशीला विषबाधा आणि दाराला कडी. त्यात भर अशी की माणसाच्या रक्तातले हे औषध एक-दोन तासांत निम्मे होते, गिधाडाच्या शरीरात ते कितीतरी जास्त वेळ रेंगाळते. मूत्रपिंडाला सावरायला उसंतच मिळत नाही. दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो.

मात्रेचा हिशेब पाहिला की अंगावर काटा येतो. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला मारायला दर किलो वजनामागे एक दशांश ते पाव मिलिग्रॅमच्या आत एवढे डायक्लोफेनॅक पुरते. पक्ष्याचे वजन साधारण पाच किलो. म्हणजे एक मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा. आपण दुखण्यावर घेतो ती गोळी ५० मिलिग्रॅमची. उलट अमेरिकेतल्या टर्की व्हल्चर या गिधाडासारख्याच दिसणाऱ्या पक्ष्याला याच्या शंभरपट मात्रा देऊनही काही झाले नाही. नाव गिधाड, काम गिधाडाचे, मूत्रपिंड मात्र वेगळ्या कुळाचे.

आणखी एक गणित ऱ्हासाचा वेग उलगडते. गिधाडे एकेकटी जेवत नाहीत. एका मढ्यावर पन्नास-शंभर उतरतात. संशोधकांनी हिशेब मांडला की एवढा ऱ्हास घडायला शंभरातले एक मढेही विषारी असण्याची गरज नव्हती. प्रत्यक्षात बंदीपूर्वी भारतात गोळा केलेल्या जनावरांच्या यकृताच्या नमुन्यांत दर दहांतल्या एकात डायक्लोफेनॅक सापडले. त्यातून सावरण्याची या पक्ष्याची ताकदही बेताची. पाच वर्षांनी वयात येणार, वर्षाला एकच अंडे घालणार.

या शोधानंतर हालचाल बऱ्यापैकी लवकर झाली हे नोंदवले पाहिजे. मार्च २००५ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने शिफारस केली आणि ११ मे २००६ रोजी औषध महानियंत्रकांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबवण्याचे आदेश राज्यांना दिले. मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक आहे, हे प्रयोगाने सिद्ध झाले असल्याने शेतकऱ्याला पर्याय होता. २००८ पर्यंत विषारी मढ्यांचे प्रमाण साडेसहा टक्क्यांवर आले. पण पुढची वाट आपल्या ओळखीची आहे. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या दुकानात होत्याच. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर लागते, एवढी मोठी बाटली कुणाला लागते हे सांगायला नको. २००७ ते २०१० या काळात अकरा राज्यांत केलेल्या पाहणीत तीनातल्या एकाहून अधिक औषध दुकानांत ते गुरांसाठी मिळाले. या मोठ्या बाटल्यांवर बंदी आली ती जुलै २०१५ मध्ये. मग ॲसिक्लोफेनॅक पुढे आले, जे गायीच्या अंगात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होते. केटोप्रोफेनही घातक ठरले. या दोघांवर जनावरांपुरती बंदी आली ती २०२३ मध्ये. एक दार लावायचे आणि दुसरे उघडे सापडायचे, असे हे सुमारे वीस वर्षे चालले.

रत्नागिरीत काय उरले आहे? चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, उरल्यासुरल्या गिधाडांसाठी काम केले. शेजारच्या रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावची वसाहत गावकऱ्यांच्या आणि कार्यकर्त्यांच्या राखणीमुळे टिकली. कोकणात हा पक्षी आंब्यावर, वडावर आणि चक्क माडावरही घरटे करतो. घरटे असेल तोवर पाडेली माडावर चढू शकत नाही. म्हणजे बागायतदाराला नारळ सोडावे लागतात. गिधाड वाचवणे ही येथे कुणाच्या तरी खिशातून जाणारी गोष्ट आहे. दिल्लीच्या आदेशाइतकेच ते गावच्या समजुतीवर अवलंबून असते. सुरक्षित मढे मिळावे म्हणून औषध न दिलेल्या जनावरांचे मांस गिधाडांना ठरावीक जागी देण्याचे प्रयोगही कोकणात झाले.

गिधाडे नसल्याने आपले काय गेले याचा हिशेब अलीकडे दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. उघड्यावर कुजणारी मढी, वाढलेली कुत्री, दूषित पाणी या सगळ्यांतून २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली असावीत, असा त्यांचा २०२४ मधला अंदाज आहे. अंदाजावर वाद होऊ शकतो. पण ज्या पक्ष्याची मोजदाद करावी असे कुणालाच वाटले नव्हते, त्याच्या अभावाची मोजदाद आता माणसांच्या मृत्यूंत करावी लागते आहे.

वर्गात मी एक वाक्य ठरवून सांगत असे: औषध चांगले की वाईट असे नसते, ते कोणत्या देहात, किती आणि किती वेळ आहे यावर ठरते. डायक्लोफेनॅकच्या कहाणीने त्यात एक ओळ वाढवली. औषध बाजारात येताना आपण दोन देह पाहतो. ज्याला द्यायचे तो रोगी, आणि जनावराचे औषध असेल तर त्याचे दूध-मांस खाणारा माणूस. रोगी मेल्यावर त्याला कोण खातो, हा तिसरा प्रश्न कुणाच्याही तक्त्यात नव्हता. आपल्या पूर्वजांनी तो प्रश्न सड्यावर सोडवून टाकला होता, म्हणून कागदावर तो आलाच नाही.

आजही ही वेदनाशामके गुरांना देण्यापूर्वी गिधाडांवरचा परिणाम तपासण्याचे काम एकेका औषधाने, घटना घडून गेल्यावर चालते. निमेसुलाइडचा दोष दिसला आणि २०२४च्या अखेरीस त्यावरही बंदी आली. तोवर ते किती मढ्यांत गेले असेल कुणास ठाऊक. बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या औषधाला हा तिसरा प्रश्न आधीच विचारला गेला पाहिजे, आणि तो विचारणे फार खर्चिक नाही. तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात उभे राहून गुरासाठी इंजेक्शन मागणारा शेतकरी मेलॉक्सिकॅम मागतो की आणखी काही, यावर माडावरच्या एका अंड्याचे भवितव्य ठरते. दुकानदाराने बाटली पुढे करण्यापूर्वी आणि शेतकऱ्याने ती घेण्यापूर्वी तिच्यावरचे नाव वाचावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.